अंगणातला कोबा काढायचाय: जेसीबी की ब्रेकर?

कोबा फोडून तिथे माती आणायची, चार झाडं लावायची असं घरात एकदा ठरलं की पुढचा वाद याच दोन नावांवर येतो. मी दोन्ही करून बसलोय, तेही एकाच घराला. त्यात माझं शहाणपण काही नाही. साताऱ्याच्या आमच्या घराला पुढे दहा फुटी गेट आहे, तिथून जेसीबी आरामात आत आला. मागच्या अंगणात जायला मात्र साडेचार फुटांचा बोळ. तिथून नाही गेला, म्हणून मागे ब्रेकर लावला, म्हणजे माणसानं हातात धरून कोबा फोडायचं यंत्र. तोच कोबा, तीच काळी माती, तोच एप्रिल महिना.

वेळ आणि पैसा पाहिलात तर जेसीबीपुढे ब्रेकर उभाच राहत नाही, हे आधीच कबूल करतो. पुढचं सहाशे चौरस फूट अंगण त्यानं अडीच तासांत मोकळं केलं. मागचं जेमतेम साडेतीनशे, त्याला तीन माणसं आणि दोन दिवस लागले. चौरस फुटामागचा खर्च काढला तर ब्रेकर मला जवळजवळ दुप्पट पडला. दोन्ही दिवस शेजारच्या काकूंनी दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या, ते वेगळंच. बोळातून घमेल्यानं राडारोडा बाहेर काढताना तर मीही म्हणत होतो की ही भिंत पाडून जेसीबीच आत घ्यावा.

राडारोड्याचा हिशोब दोन्हीकडे सारखाच, पण बहुतेकांचा तो चुकतो. सहाशे चौरस फूट, चार इंच जाडी, म्हणजे दोनशे घनफूट, दोन ब्रास. फोडल्यावर तुकड्यांमधे पोकळी येते, तेव्हा तीन ब्रास धरा. वजन तेरा टनांच्या पुढे जातं. एक टेम्पो पुरेल म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि तो नेऊन कुठे टाकणार हे त्याला आधीच विचारा. ओढ्यात टाकला तर तो आपलाच राडारोडा असतो.

माझा हिशोब मात्र दुसरीकडेच फिसकटला. जेसीबीची बकेट कोबा सोलून काढत नाही, खालून उचकटते. तिचे दात कोब्याखाली घुसतात, वर उचलताना कोबा, त्याखालचं सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मुरूम आणि आणखी वीतभर माती असं सगळं एकदमच येतं. ट्रॉलीत भरताना ते निवडत कोण बसणार? चार इंचांच्या कोब्याबरोबर माझी आठ इंच जमीनही गेली. तो खड्डा भरायला नंतर चार ब्रास माती विकत आणली. स्वस्तातलं काम तिथेच बरंचसं महाग झालं. तरी एवढ्यावर मी जेसीबीवर फुली मारली नसती.

खरं काम बिघडलं ते शेवटच्या दहा मिनिटांत. ऑपरेटर भला माणूस. म्हणाला, "दादा, लेव्हल करून देतो, जास्त काही नको." आणि बकेटच्या पाठीनं सगळं अंगण दाबत, ओढत, टेबलासारखं सपाट करून दिलं. मी खूश. त्याला चहा पाजला. त्या सपाट जमिनीत कोब्याचे सुपारीएवढे, मुठीएवढे तुकडे दाबले जातायत आणि वरून साडेसात टनांचं यंत्र पुढे-मागे फिरतंय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. विकतची माती त्याच्यावर पसरली, दिसायला झकास दिसलं.

जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला आणि पाणी तिथेच उभं राहिलं. वरची माती भिजून लोण्यासारखी झालेली, खालचा थर दगडासारखा. रोपासाठी खड्डा घ्यायला कुदळ मारली की फुटाच्या आत खण्ण. हातानं तुकडा काढायचा, पुन्हा मारायची, पुन्हा खण्ण. आता दुसरा पावसाळा होऊन गेला तरी अजून निघतात. मोगऱ्याची नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. ही लोहाची कमतरता. आमची काळी माती चुनखडीची, मुळातच अल्कधर्मी. त्यात सिमेंटचा चुरा मिसळला की आणखी भर. जमिनीत लोह असून झाडाला ते घेता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) घालून पाहिली, चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं. फवारलं की पंधरा दिवस बरं दिसतं, मग पुन्हा पिवळं. मागच्या अंगणातला मोगरा त्याच दिवशी, त्याच नर्सरीतून आणलेला आहे. त्याला मी काहीही घातलेलं नाही, आणि आई रोज वाटीभर फुलं काढते. माती तपासून आणलेली नाही, तेव्हा याला पुरावा म्हणू नका. पण मला तेवढं पुरलं.

मागे काय वेगळं झालं ते सांगतो. ब्रेकरवाले मामा आधी कडेला गेले. भिंतीलगत हातभर जागा फोडून घेतली, मग पहारीनं कोब्याखालचा मुरूम थोडा उकरला. खाली पोकळी झाली की वरचा कोबा ब्रेकरच्या दोन ठोक्यांत तडकतो. टोक कडेपासून वीतभर आत लावायचं, तडा गेला की लगेच काढायचं. मधोमध लावून दाबत बसलं तर ते नुसतंच आत रुतून अडकतं. तडकलेला तुकडा पहारीनं उचलायचा, खाली दगड सारायचा, वर घणाचा एक घाव. ताटाएवढे स्वच्छ तुकडे निघाले. बारीक चुरा फावड्यानं गोळा झाला. सोलिंगचे दगड हातानं वेचले, ते तर वाफ्याच्या कडेला लावायला कामी आले. चांगल्यापैकी सपाट तुकडे उलटे मांडून नळापर्यंत पायवाट केली. खालची माती होती तिथेच राहिली, फक्त वर्षानुवर्षं दबलेली. ती टिकावानं खणून शेणखत मिसळलं, बस.

चार इंचांच्या कोब्याला दहा-अकरा किलोचा ब्रेकर पुरतो. सोळा किलोचा घेतलात तर माणूस दुपारपर्यंत दमतो. कोब्यात लोखंडी जाळी असेल तर तुकडे तिला लटकून राहतात, ती कापायला शेजारी ग्राइंडर लागतो. धुळीला पाणी मारत राहा आणि मास्क लावा, ती धूळ छातीला वाईट.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवू नका. नुसत्या घण-पहारीनं शंभर-दीडशे चौरस फूट होईल, पुढे मजुरी परवडत नाही. ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर रस्त्याच्या कामाचा, घरगुती अंगणाला जास्तच होतो. भोकात भरायची ती फुगणारी पावडर मोठ्या खडकाला किंवा पायाच्या कॉंक्रीटला ठीक. चार इंचांत भोकाला खोलीच मिळत नाही.

जेसीबीनं पाण्याचा पाइपही तोडला होता, तो प्लंबरनं तासाभरात जोडला. त्याचा राग नाही. पाइप कुठून गेलाय हे मीच सांगायला विसरलो होतो.

तुम्हाला तिथे पेव्हर बसवायचे असतील, गाडी लावायची असेल, तर जेसीबीच बोलवा. दबलेली जमीन तिथे उलट बरी. अंगण हजार-दोन हजार फुटांचं असेल तर ब्रेकर सुचवायची माझीही छाती होणार नाही. पण झाडंच लावायची आहेत आणि जागा पाच-सहाशेच्या आत आहे, तर मी तरी पुन्हा मामांनाच फोन करीन.

आणि जेसीबीच ठरला, तर दोन मजूर बकेटमागे तुकडे वेचायला ठेवा, काम पावसाच्या आधी कोरड्या जमिनीवर उरका, आणि ऑपरेटर "लेव्हल करून देतो" म्हणाला की त्याला खाली उतरवून आधी चहा पाजा.