एसी/डीसी बँडचं ‘बॅक इन ब्लॅक’ गाणं गिटारवर शिकायला व्हॉक्सचा अ‍ॅमप्लग घ्यावा का?

घ्या, पण त्याच्या वेगवेगळ्या आवाजांच्या मॉडेल्सपैकी क्लासिक रॉकवालाच घ्या, मेटलवाला नको. दुकानात पोरं हमखास मेटलवर जातात कारण एक तार छेडली की लगेच लय भारी वाटतं, आणि मग घरी एसी/डीसी वाजवायला बसलं की सगळा नुसता चिखल.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, मुठीत मावेल एवढा हेडफोनवर ऐकायचा गिटार अ‍ॅम्प, म्हणजे एक डबाच आहे, थेट गिटारच्या जॅकमधे घालायचा, हेडफोन लावायचा, सुरू. गेन (आवाज किती फाटका करायचा ते), टोन, व्हॉल्यूमची छोटी चाकं आणि थोडे इफेक्ट्स, बास. रात्री साडेअकराला वाजवा, खालचे काका बेल मारणार नाहीत, तारांची टिकटिक तेवढी घरच्यांना ऐकू येते.

आता गाणं. १९८० चं आहे, बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला आणि त्याच वर्षी जुलैत नवा गायक ब्रायन जॉन्सनला घेऊन बँडने ह्याच नावाचा अल्बम काढला. रिफमधे (गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा) ई, डी, ए, म्हणजे क्लासच्या पहिल्या महिन्यातलेच कॉर्ड. ई एकदा, मग डी तीनदा, मग ए तीनदा. यूट्यूबवर जो तो सांगतो सोप्पं आहे म्हणून, आणि डावा हात तसा सोप्पा आहेच, पण खरी गंमत ई आणि डीच्या मधे जी शांतता आहे तिच्यात आहे. ई मारला की लगेच उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवायची, डाव्या हाताची पकड किंचित सैल करायची, आणि डी मारताना अंगठा गिटारच्या मानेवरून वर आणून सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार हलकेच टेकवून बंद ठेवायची, नाहीतर ती खाली घुंsss करत बसते आणि रिफची धार जाते. साध्या स्पीकरवर हे कळतच नाही हो! हेडफोनमधे मात्र लपायला जागा नाही, हात जरा उशिरा पडला तरी कानात शेपूट ऐकू येतं, आणि माझ्या मते ह्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

गेन कमी ठेवा. बँडचा रिदम गिटारवाला माल्कम यंग ग्रेच कंपनीच्या गिटारवर जाड तारा लावून बऱ्यापैकी स्वच्छ आवाजात वाजवायचा, त्या कॉर्डमधली प्रत्येक तार सुटी ऐकू येते ती त्यामुळे. मी चाक अर्ध्याच्याही खाली ठेवतो, आणि अजून साफ हवं असेल तर गिटारचाच व्हॉल्यूम थोडा खाली घेतो, क्रंच, म्हणजे तो हलका फाटका आवाज, मस्त बसतो. इफेक्ट्स बंद. रिव्हर्ब (घुमणारा आवाज) लावला की त्या मोकळ्या जागा भरून जातात आणि मग रिफमधे उरतं काय?

कॉर्डनंतरची ती बारीक तान, पहिल्या दोन तारांवर तिसऱ्या फ्रेटवरून पुल-ऑफ करत (बोट ओढून काढत) ओपन, म्हणजे मोकळ्या तारेवर यायचं आणि तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बेंड (तार ताणून सूर चढवायचा), ती मात्र हळूच बसवा. अ‍ॅमप्लगला ऑक्स इन, म्हणजे फोनचं गाणं आत घ्यायचं भोक आहे, फोनवर मूळ गाणं ०.७५ स्पीडला लावलं की सूर तोच राहतो नि लय तेवढी उतरते, त्याच्यावर वाजवायला धमाल येते. दुसऱ्यांदा येणारा जाड तारांवरचा चढता तुकडा पहिल्या आठवड्यात सोडून दिलात तरी चालेल.

कुरकुर म्हणाल तर दोन. एक, ट्रिपल ए चे दोन सेल लागतात, रोज वाजवणार असाल तर रिचार्जेबलच घ्या. दोन, ऑक्ससाठी दोन्हीकडे साडेतीन एमएमची पिन असलेली वायर लागते, आणि हल्लीच्या फोनला तर ते भोकच नसतं, मग टाइप सीचा डोंगल पण आणा. आणि चार मित्रांना ऐकवायचं म्हणून घेत असाल तर राहू द्या, त्यापेक्षा छोटा प्रॅक्टिस अ‍ॅम्प बघा, हा एकट्याने रियाज करायचा डबा आहे.