काउंटी जेलमध्ये आपला माणूस: फोन, भेट, जामीन, वकील – पैसे आधी कुठे घालायचे?

गुरुवारी रात्री अडीचला मैत्रिणीचा फोन आला. नवऱ्याला पोलिसांनी नेलंय, कुठे ठेवलंय कळत नाही, आणि पुण्याहून सासूबाई विमानाची तिकिटं बघतायत. पुढचे पाच दिवस आम्ही धावलो, त्यातलं निम्मं धावणं चुकीच्या क्रमाने झालं. आज कुणावर ही वेळ आली तर मी कुठे आधी पैसे घालेन आणि कुठे थांबेन, ते लिहितोय. हे सगळं कॅलिफोर्नियातलं. नियम राज्यागणिक बदलतात. इलिनॉयने तर २०२३ मध्ये रोख जामीनच बंद केला.

आधी माणूस सापडायला हवा. काउंटी जेल म्हणजे जिल्ह्याचा तुरुंग. ते शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाच्या, ताब्यात असतं. खटला व्हायचाय असे लोक आणि छोट्या शिक्षेवाले तिथे असतात. शेरीफच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं, पण पासपोर्टवरच्या स्पेलिंगने. आपल्या वडिलांच्या नावाचा घोळ इथेही होतो, तेव्हा ते घालून आणि गाळून, दोन्ही तऱ्हांनी बघा. बुकिंग, म्हणजे जेलमधली नोंद, व्हायला काही तास जातात, त्यामुळे पहाटे नाव दिसलं नाही म्हणून हबकू नका. बुकिंग नंबर मिळाला की तो वहीत लिहा. पुढे प्रत्येक खिडकीवर तोच विचारतात.

आता फोन की भेट? माझं मत सरळ आहे: पहिले पन्नास डॉलर फोनच्या खात्यात. भेटीसाठी नाव नोंदवा, ओळखपत्र द्या, वेळ मिळेपर्यंत थांबा. फोनला यातलं काही लागत नाही. अडचण वेगळीच असते. आत जाताना मोबाइल काढून घेतात आणि नंबर कुणाला पाठ असतात हल्ली? आमच्या मित्राला एकच पाठ होता, पुण्याच्या घरचा लँडलाइन, आणि तो इथून लागेना. शेवटी बायकोचा नंबर त्याला वकिलाकडून कळला. त्या दिवसांत अनोळखी नंबर आला तरी उचला. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेलमधून फोन २०२० पासून फुकट आहेत, इतरत्र मिनिटाचे पैसे पडू शकतात.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. फोन रेकॉर्ड होतो, म्हणून 'नक्की काय झालं रे?' हा प्रश्न विचारायचाच नाही. मराठीत बोललं म्हणजे कुणाला कळणार नाही, हा भ्रम. आणि तिसऱ्याला लाइनवर घ्यायचं नाही. आम्ही शुक्रवारी त्याच्या आईला जोडायला गेलो आणि 'हॅलो बाळा' एवढं झालं न झालं तोच फोन कटला.

व्हिडिओ भेट फोनहून महाग आणि तुटक. लहान मुलं असतील तर ठीक, एरवी मी त्यात पैसे घालणार नाही. समोरासमोरच्या भेटीची सर कशालाच नाही, पण ती काचेआडून असते आणि अर्ध्या तासात संपू शकते. तेवढ्यासाठी पुण्याहून यायचं का? सासूबाईंकडे व्हिसा होता, त्या आल्या. रविवारी आत जाताना यंत्र वाजलं. मंगळसूत्र काढलं, पुन्हा वाजलं. मग साडीच्या निऱ्यांतली सेफ्टी पिन निघाली, खांद्यावरची निघाली, आणि त्या माउली पदर हाताने धरून आत गेल्या. रिसीव्हर एक, तार वीतभर, त्यामुळे सून नुसती काचेला हात लावून उभी. येणाऱ्यांना सांगेन: पंजाबी ड्रेस घाला, पासपोर्ट आणा. आणि खरं सांगायचं तर कोर्टाची तारीख कळेपर्यंत तिकीट काढू नका.

जामिनात खरा विचार लागतो. समजा रक्कम ५० हजार डॉलर आहे. पूर्ण रोख भरली आणि माणूस प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर शेवटी पैसे परत मिळतात. पावती घरच्या कुणाच्या नावावर घ्या; आरोपीच्याच नावावर असेल तर त्यातून दंड कापला जाऊ शकतो. बाँडवाला, म्हणजे फी घेऊन तुमच्या वतीने जामिनाची हमी देणारा, साधारण दहा टक्के, म्हणजे पाच हजार घेतो. ते गेले ते गेले, खटला दुसऱ्या दिवशी मागे घेतला तरी.

तिसरी वाट म्हणजे थांबणं. अटकेनंतर ४८ तासांत न्यायाधीशासमोर न्यावं लागतं, त्यात रविवार आणि सुट्टी धरत नाहीत. तिथे वकील स्वतःच्या हमीवर सोडण्याची मागणी करतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय की रक्कम ठरवताना माणसाची ऐपत बघितली पाहिजे. आमच्यावेळी मधे शनिवार-रविवार आला, सोमवारी सुट्टी. आम्ही थांबलो, मंगळवारी तो हमीवर सुटला. मी आजही आठवड्याच्या मधली अटक असेल तर थांबाच म्हणेन. मैत्रिणीला अजून वाटतं की पाच हजार गेले असते तरी चाललं असतं, आणि त्या चार रात्री तिने काढल्या, मी नाही.

वाचलेले पैसे वकिलावर घाला. आरोपीला सरकारतर्फे मिळणारा बचावाचा वकील कमी प्रतीचा ही आपली समजूत चुकीची आहे; तो त्याच कोर्टात रोज उभा असतो. पण चांगला पगार असेल तर तो मिळेलच असं नाही. एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसा असेल, तर गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशन जाणणाऱ्याचा सल्ला घ्याच. किरकोळ वाटणारी कबुली देशाबाहेर काढू शकते. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवायचं असेल तर आतल्या माणसाने तसं मागावं लागतं, आपोआप कळवलं जात नाही.

कमिसरीचं, म्हणजे जेलमधल्या दुकानाचं, खातं बहुधा फोनच्या खात्यापासून वेगळं असतं. त्यात थोडेच टाका, नूडल्स आणि साबणापुरते. आपल्याकडे कच्च्या कैद्याला कोर्टाच्या परवानगीने घरचा डबा मिळू शकतो, इथे तो विषय नाही. शाकाहारी जेवण धर्माच्या कारणाने त्यालाच लेखी मागावं लागतं. पुस्तकं नवी, थेट दुकानातून. पत्राला वेळ लागतो. मुक्काम लांबला तरच.

सुटकेचा आदेश दुपारी झाला तरी माणूस दाराबाहेर कधी येईल सांगता येत नाही. आमचा रात्री सव्वाला आला, मोबाइल मेलेला, अंगात अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट. गाडीत चार्जर आणि जाकीट ठेवा.