अधूनमधून मूल सांभाळायला बोलवायचं आहे: तासाने पैसे, एकरकमी, की झोपेचा दर वेगळा?

महिन्यातून एखाद-दोनदा मूल सोपवून बाहेर जायचं असेल तर मोबदला तीन प्रकारे ठरवता येतो. सरसकट तासाचा दर, अख्ख्या संध्याकाळची एकच रक्कम, किंवा मूल जागं असताना पूर्ण दर आणि झोपलं की पाऊण. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: किमान तीन तासांच्या बोलीवर सरसकट तासाचा दर ठरवा.

हिशोबासाठी तासाचा दर १०० धरू, चलन कुठलंही असो. साडेसहा ते साडेदहा अशी चार तासांची बोली आहे आणि मूल नऊला झोपतं. वेळेवर परतलात तर तासाने ४००, एकरकमीही ४००, आणि दोन दरांनी साधारण ३६३. इथवर फारसा फरक दिसत नाही. पण कार्यक्रम लांबला आणि घरी यायला सव्वाबारा वाजले, तर उशिराचा जादा दर न धरताही तासाने ५७५ होतात आणि दोन दरांनी ४९४. एकरकमीत मात्र ४००च राहतात, म्हणजे सांभाळणाऱ्या व्यक्तीला तासाला ७० सुद्धा पडत नाहीत. उलट काही कारणाने आठलाच परत आलात, तर दीड तासासाठी तुमच्या खिशातून ४०० जातात. जाण्यायेण्याच्या वेळा अगदी पक्क्या असतील तेव्हाच एकरकमी ठीक.

दोन दरांची पद्धत ऐकायला रास्त वाटते, वाद मात्र तिच्यातच सर्वांत जास्त होतात. मूल नऊला झोपलं, दहा वाजून वीस मिनिटांनी रडत उठलं, पाणी पिऊन, थोपटून घेऊन अकराला पुन्हा झोपलं. ही चाळीस मिनिटं कुठल्या दराने धरायची? आणि झोपलेल्या मुलाजवळही त्या व्यक्तीला घर सोडता येत नाही, स्वतः झोपता येत नाही, कान खोलीकडेच लागलेले असतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक करारातही (क्रमांक १८९) मालकाच्या हाकेला बांधलेला वेळ हा, देशोदेशीचे कायदे ठरवतील त्या मर्यादेत, कामाचाच वेळ धरावा असं म्हटलं आहे. हा करार क्वचित, व्यवसाय म्हणून न केलेल्या कामाला लागू नाही, तरी विचार पटण्यासारखा आहे. म्हणून संध्याकाळपुरता दर कापू नका. रात्रभर मुक्काम असेल आणि त्या व्यक्तीला खरोखर झोपता येणार असेल, तेव्हा झोपेच्या तासांची वेगळी रक्कम ठरवा, आणि मुलासाठी उठावं लागलं तर दर वेळी किमान अर्धा तास पूर्ण दराने धरा.

मूळ दर काढताना एक चूक नेहमी होते: पूर्णवेळ सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या पगाराला महिन्याच्या तासांनी भागायचं. त्या पगारामागे दरमहाची खात्री असते. अधूनमधून येणाऱ्याला ती नसते, शिवाय येण्याजाण्यात वेळ जातो. दीड तासाच्या कामासाठी जाऊन-येऊन एक तास लागला, तर १५० रुपये असोत वा डॉलर, ते अडीच तासांचे होतात, म्हणजे तासाला ६०. तीन तासांची किमान बोली याचसाठी. तेव्हा पगाराला भागण्यापेक्षा आसपासच्या, साधारण त्याच वयाची मुलं असलेल्या तीन-चार घरांत विचारा आणि मधला आकडा धरा. तो तिथल्या कायदेशीर किमान वेतनाखाली जात असेल तर घासाघीस न करता वर आणा.

दुसऱ्या मुलासाठी दर दुप्पट करायची गरज नाही. पाचवा ते चौथा हिस्सा वाढवला तरी चालतं. दोघंही दोन वर्षांखालची असतील तर मात्र निम्मा वाढवा, कारण एकाला भरवताना दुसऱ्यावरची नजर हलवता येत नाही. तान्ह्या बाळाचा दर एकच मूल असलं तरी जास्त हवा. दर दोन-तीन तासांनी दूध, मग ढेकर काढणं, लंगोट बदलणं, उताणंच झोपवणं, हे सगळं चार तासांत एकदा तरी येतंच, आणि ते प्रत्येकाला जमतंच असं नाही.

मुलाचं ताट-वाटी धुणं, खेळणी आवरणं दरात धरलेलं असतं. घरभराची भांडी, कपडे, स्वयंपाक नाही. हवं असेल तर आधी बोलून वेगळे पैसे द्या.

उरलेलं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा. वेळ दारात आल्यापासून दारातून निघेपर्यंत मोजायचा आणि पुढच्या पाव तासापर्यंत वर न्यायचा. सांगितलेल्या वेळेनंतर दीडपट. आदल्या दिवशी रद्द केलं तर तीन तासांचे निम्मे पैसे, ती व्यक्ती घरून निघाल्यावर रद्द केलं तर पूर्ण. रात्री उशीर झाला तर घरी पोचवायची सोय किंवा गाडीभाडं तुमच्याकडे. पैसे त्याच रात्री, निघण्यापूर्वी हातात किंवा खात्यात.