चिऱ्याच्या भिंती, नऊ झिगबी उपकरणं आणि देवघरातला प्लग

कुडाळजवळच्या आमच्या घरी आई एकटी असते, मी पुण्यात. रोज सकाळी फोन करून "उठलीस का?" विचारलं की वैतागते. म्हणून परसदाराला सेन्सर लावायचं ठरवलं. दार उघडलं की मला कळावं, एवढंच. कॅमेरा तिला नको होता, आणि खरं सांगायचं तर मलाही नको होता.

घेतलं ते असं: झिगबीचा (घरातल्या लहान उपकरणांनी एकमेकांशी बिनतारी बोलायची पद्धत) यूएसबी डोंगल, दारं-खिडक्यांचे पाच सेन्सर, टाकीखाली ठेवायचा पाण्याचा एक, आणि तीन स्मार्ट प्लग (सॉकेटमध्ये खोचायचे, ॲपमधून चालू-बंद होणारे). सगळं मिळून साडेदहा हजारांच्या आसपास. जुना रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक पडून होता, त्यावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि झिगबी२एमक्यूटीटी (झिगबीची उपकरणं त्याला जोडणारं) टाकलं. वापरून चार महिने झाले. सेन्सर-प्लगच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली थोडी कुरकुर आहे.

पहिला गाढवपणा माझाच. सगळी जोडणी पुण्यातल्या टेबलावर उरकली. सेन्सरच्या बारक्या भोकात सिमची पिन घालून पाच सेकंद दाबायचं, निळा दिवा तीनदा लुकलुकला की सोडायचं. वीस मिनिटांत नऊच्या नऊ तयार. गावी नेऊन लावले तर परसदार गप्प. घर चिऱ्याचं, भिंती हातभर जाड, रास्पबेरी पाय ओसरीवर राऊटरशेजारी आणि परसदार तीन भिंतींपलीकडे. त्यात या सेन्सरची तऱ्हा अशी की जोडताना ज्या प्लगमार्फत आत आला, तो प्लग दुसरीकडे नेला तरी त्यालाच धरून बसतो. म्हणून सेन्सर जिथे राहणार तिथेच उभं राहून जोडायचा, आणि त्याआधी प्लग आपापल्या जागी लावून घ्यायचे. बॅटरीवरचा सेन्सर दुसऱ्याचा निरोप पुढे नेत नाही. रिपीटरचं, म्हणजे निरोप पुढे पोचवायचं, काम फक्त सतत विजेवर असलेली उपकरणं करतात. खोक्यातल्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर, "सेन्सर राऊटरजवळ आणा." परसदार ओसरीवर कसं आणू?

डोंगल रास्पबेरी पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात थेट खोचला होता, तेही चुकलं. त्या पोर्टाचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, आणि झिगबी तिथेच बोलतं. मीटरभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब टांगला. वायफाय १ नंबरच्या चॅनलवर आणि झिगबी ११ वर (दोघांचे नंबर वेगळे मोजतात), म्हणजे दोघं एकमेकांच्या डोक्यावर. झिगबी २५ वर नेलं.

चॅनल बदलताना सेटिंगमध्ये नेटवर्क कीकडे, म्हणजे उपकरणांचं बोलणं कुलूपबंद करणाऱ्या गुप्त आकड्यांकडे, लक्ष गेलं. माझ्या कॉन्फिगमध्ये नमुन्यादाखल छापलेली, सगळ्या जगाला ठाऊक असलेली की तशीच पडून होती. नवी तयार केली, आणि नऊही उपकरणं पुन्हा पहिल्यापासून जोडली. हे सुरुवातीलाच करा, एक रविवार वाचेल. दुसरं म्हणजे जोडणीची खिडकी, म्हणजे नवं उपकरण आत घ्यायला नेटवर्क उघडं ठेवायचा वेळ. नवं उपकरण आत येताना नेटवर्क की त्याच्याकडे हवेतून जाते, आणि साध्या जोडणीत तिच्यावरचं कुलूप सगळ्यांना माहीत असलेल्या चावीचं असतं. तेवढ्यात कुणी ऐकत बसला तर की त्याच्या हाती. ती खिडकी एका वेळी फार तर २५४ सेकंद उघडी राहते. मी मात्र काम झालं की लगेच बंद करतो. आमच्या वाडीत ऐकणार कोण, तर पलीकडच्या घरातलं मांजर, पण सवय बरी.

एवढं करूनही रोज रात्री साडेनऊनंतर परसदार गायब व्हायचं. तीन दिवस लॉग (सॉफ्टवेअरने ठेवलेल्या नोंदी) वाचत बसलो. चौथ्या दिवशी गावी गेलो आणि आईला जेवणानंतर घरभर फिरताना पाहिलं. माजघराचं बटण बंद, स्वयंपाकघराचं बंद, प्लग होते ती सगळी बंद.

"काम नाय तर बटण चालू कित्याक?"

बरोबरच होतं तिचं. मग या घरात कुठलं बटण कधीच बंद होत नाही ते शोधलं. देवघरातल्या झिरोच्या बल्बचं. एक प्लग तिथे लावला, बल्ब त्यातच खोचला, आणि ॲपमधून बंद करायची सोय काढून टाकली. परसदाराच्या सेन्सरचा सिग्नलचा आकडा २० च्या घरात रेंगाळायचा, तो ९० पर्यंत गेला. दोन महिने झाले, एकदाही गळला नाही.

पाचपैकी साडेतीन. सेन्सर उत्तम, प्लग मजबूत, माहितीपत्रक रद्दी. पत्र्याच्या पंपघरातला सेन्सर अजून लागलेला नाही, त्याला वाटेत आणखी एक प्लग लागेल.

आणि पावसाच्या तोंडावर विजा चमकायला लागल्या की आई मेन स्विचच पाडते. तेव्हा मी सरळ फोन करतो.