साठ लिटरच्या बोर्डाचे ४०,५९० रुपये

गेल्या आठवड्यात जुन्या सर्फबोर्डच्या एका जाहिरातीत तोच फोटो पुन्हा दिसला. ओल्या वाळूवर आडवा ठेवलेला पांढरा सर्फबोर्ड आणि त्याच्या बरोबर मध्यावर अंग टाकून पहुडलेले तांबूस कुत्रे. विक्रेत्याचे नाव वेगळे, गाव वेगळे, किंमत ३८,००० रुपये. पण कुत्रे तेच, आणि तो बोर्ड मात्र मधोमध मोडलेल्या अवस्थेत पुण्यात माझ्या बाल्कनीत पडलेला आहे. हा प्रकार मी आजवर चारचौघांत सांगितला नव्हता. मी स्थापत्य अभियंता आहे, एकोणीस वर्षे काँक्रीटचे घनमीटर मोजून पोट भरतो, आणि मला घनफळातच फसवले गेले, हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

सर्फिंगचा नाद मला चाळिशीनंतर लागला. गोव्यात आश्वे येथे दोन हंगामांत मिळून अकरा धडे घेतले, तेही सगळे तिथल्या आठ फुटी मऊ फोमच्या बोर्डावर. पावसाळा सरला की आश्वे, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात बहुतेक दिवशी लाटा गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या असतात, क्वचित छातीपर्यंत. अशा लाटेला ढकलण्याची ताकद बेताची असते, त्यामुळे बोर्डानेच लवकर पाण्यावर उचलले जाऊन घसरायला लागावे लागते, आणि त्यासाठी तो लांब, रुंद, जाड व पोटाला शक्य तितका सपाट असावा लागतो. नाकाशेपटीचा बाक, ज्याला रॉकर म्हणतात, तो उभ्या आणि जोरकस लाटेत कामाचा असतो; मऊ लाटेत तोच बाक पुढचे पाणी रेटत बसतो आणि लाट तुमच्या खालून निघून जाते. आमच्या शिकवणाऱ्या दादांनी माझे ८२ किलो वजन आणि माझी एकूण प्रगती पाहून स्पष्ट सांगितले होते की साडेसात ते आठ फुटांचा, किमान ६० लिटर घनफळाचा बोर्ड घ्या आणि त्याहून लहान बोर्डाकडे दोन वर्षे तरी पाहू नका.

नवा बोर्ड बाहेरून मागवायचा तर मला सत्तर हजारांच्या पुढचे भाव मिळाले होते. म्हणून जुना शोधत होतो, आणि ६ ऑक्टोबर २०२५ रोजी ती जाहिरात दिसली. ‘इपॉक्सी सर्फबोर्ड, एकच हंगाम वापरलेला, लहान व मध्यम लाटांसाठी उत्तम, बदली झाल्याने तातडीने विकणे, ३६,००० रुपये.’ मी संदेश पाठवला, आणि त्या पहिल्याच संदेशात मूर्खासारखे लिहून बसलो की माझे वजन ८२ किलो आहे आणि मला ६० लिटरचा बोर्ड हवा आहे. दहा मिनिटांत उत्तर आले : ‘सहा फूट चार इंच लांब, साडेएकोणीस इंच रुंद, अडीच इंच जाड, ६० लिटर.’

लगेच फोनही आला, आणि तो मराठीत. आपण मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीनिमित्त तामिळनाडूच्या किनाऱ्यावर असतो, आता बदली दिल्लीला झाली आहे, तिथे हा बोर्ड काय गच्चीवर ठेवू, असे तो हसत म्हणाला. परमुलखातून कोणी शुद्ध मराठीत ‘दादा, तुम्ही आपले माणूस म्हणून सांगतो’ असे म्हणाले की आपले कान हळवे होतात, हे त्याला पक्के ठाऊक असावे. लांबी फारच कमी नाही का, असे मी विचारले होते, एवढे माझ्या बाजूने नोंदवतो. त्यावर तो म्हणाला की हा फिशच्या घाटाचा बोर्ड आहे, आखूड पण अंगाने भरलेला, आणि शेवटी लांबी नव्हे तर लिटर महत्त्वाचे. हे अर्धे खरे आहे, म्हणूनच ते पचले. फिश बोर्ड आखूड, रुंद आणि सपाट असतो व लहान लाटेत चांगला पळतो, हे मी स्वतः वाचले होते. पुढे त्याने टोकियो ऑलिंपिकही काढले : जपानमधल्या त्या लाटा आपल्यासारख्याच लहान, आणि तिथे जगज्जेते याच मापाच्या बोर्डांवर उभे होते. जगज्जेत्याचा बोर्ड अकरा धडे झालेल्या माणसाला विकणाऱ्याचा फोन त्याच क्षणी ठेवायला हवा होता. २०२१ च्या त्या स्पर्धेत इतालो फेरेराचा बोर्ड अंतिम फेरीच्या सुरुवातीलाच मोडला होता आणि तरीही तो सुवर्णपदक घेऊन गेला. माझा बोर्ड मी विकत घेण्याआधीच मोडलेला होता.

पण खरी चूक फोनवर झाली नाही, ती त्या आकड्यांच्या ओळीत झाली, आणि ती ओळ आजही मी रात्री उठून वाचतो. सहा फूट चार इंच म्हणजे १९३ सेंटिमीटर, साडेएकोणीस इंच म्हणजे साडेएकोणपन्नास, अडीच इंच म्हणजे ६.३५. हे तिन्ही गुणले की ६०,६६५ घन सेंटिमीटर येतात, म्हणजे साठ लिटर आणि वर थोडे. गुणाकार बरोबर आहे. फक्त ते घनफळ त्या मापाच्या चौकोनी पेटीचे आहे! सर्फबोर्ड नाकाला निमुळता असतो, शेपटीला निमुळता असतो, कडांना पातळ होत जातो. त्याचे खरे घनफळ त्या पेटीच्या साधारण ५५ टक्के भरते, म्हणजे सुमारे ३३ लिटर. एखाद्या ठेकेदाराने गोल खांबाचे काँक्रीट चौकोनी खांबाच्या मापाने बिलात लावले असते, तर मी ते बिल त्याच्या तोंडावर फेकले असते. इथे मी आकडा वाचला, साठ हवे होते ते साठ दिसले, आणि समाधानाने चहा घेतला. आपल्याला किती लिटर हवेत ते विक्रेत्याला कधीही आधी सांगू नका. आधी त्याच्याकडून लांबी, रुंदी, जाडी घ्या आणि गुणाकार स्वतः करा.

फोटो सहा होते. सहाही फोटोंत बोर्डाच्या मध्यावर काहीतरी होतेच : दोनदा गुंडाळलेली लीश (पाय बोर्डाला बांधायची दोरी), एकदा टॉवेल, एकदा वॅक्सचा डबा, एकदा कोणाचा तरी हात आणि एकदा ते कुत्रे. कुत्र्याचे मला कौतुक वाटले होते.

९ ऑक्टोबरला ५,००० रुपये बयाणा आणि १३ ऑक्टोबरला उरलेले ३१,००० रुपये यूपीआयने पाठवले. त्यानंतर पॅकिंगचे म्हणून १,८०० रुपये मागितले, तेही दिले. पैसे ज्या नावावर गेले ते नाव फोनवरच्या नावाशी जुळत नव्हते. ‘मेहुण्याचे खाते आहे’ हे उत्तर मी मान्य केले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या गोदामात २,६४० रुपये भाडे आणि १५० रुपये हमाली मोजून पार्सल घेतले, आणि बिल्टीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली न उघडताच सही केली, कारण मागे टेम्पो उभे होते आणि हमाल घाई करत होते. तुम्ही टेम्पोवाल्यांना खुशाल थांबवा, पण पार्सल तिथेच उघडून, मोबाईलवर चित्रण करून मगच सही करा. मला ती सही फार महागात पडली. भेट म्हणून पाठवलेले तीन फिन, म्हणजे बोर्डाच्या पोटाला लावायचे पंख, त्या बोर्डाच्या खाचांत बसतच नव्हते, ते वेगळ्याच पद्धतीचे होते. मी त्याला फोन केला, तेव्हा तो ‘पाहतो’ म्हणाला. ते त्याचे शेवटचे शब्द.

१ नोव्हेंबरला आश्वेला गेलो. दादांनी बोर्ड हातात घेतला, बोटाच्या पेरांनी नाकापासून शेपटीपर्यंत टकटक वाजवत नेला आणि मध्यावर आवाज एकदम बोदा झाला. अंगठ्याने दाबल्यावर तिथली कातडी किंचित आत गेली. उन्हात तिरका धरला तर पांढऱ्या रंगाखाली एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेला पट्टा स्पष्ट दिसत होता. दादा एवढेच म्हणाले, ‘काका, हा जोडलेला आहे. आज पाण्यात नेऊ नका.’ मी नेला. ४०,५९० रुपये दिलेला माणूस किनाऱ्यावरून परत जात नाही, हे समजून घ्यावे. पहिल्या दोन लाटा खालून निघून गेल्या, तिसऱ्या लाटेवर उठायला म्हणून हात टेकले आणि बोर्ड कुल्फीच्या काडीसारखा कडकन वाकला. दोन्ही अर्धे एका बाजूच्या कापडाने तेवढे धरून होते. बाहेर काढल्यावर भेगेतून पाणी गळत होते, मधल्या लाकडी पट्टीवर जुनी काळी बुरशी होती, आणि दादांनी रंग खरवडल्यावर आतल्या फोमवर कारागिराने पेन्सिलीने लिहिलेली मापे दिसली. शेवटचा आकडा ३३ होता. इपॉक्सी या मजबूत राळेचाही नव्हताच, साधा, उन्हाने पिवळा पडलेला पॉलियुरेथेनचा बोर्ड वरून रंगवलेला होता.

त्यानंतर सुरू झाली दुसरी फसवणूक, आणि ती सरकारी वेळेत चालते. आमच्या भागातील पोलीस ठाण्यात मी तीनदा गेलो. पहिल्यांदा अंमलदारांनी सर्फबोर्ड म्हणजे काय ते विचारले, मी सांगितले, आणि अर्जात ‘लाकडी फळी’ असे लिहिले गेले. दुसऱ्यांदा साहेब म्हणाले, ‘वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.’ खोटी माहिती देऊन पैसे काढून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसते असे मी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की आरोपी मीच असावा. तिसऱ्यांदा तक्रार तामिळनाडूत करा असे सांगण्यात आले. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ तसे सांगते, हे मी छापील कागदासह दाखवले. तो कागद त्यांनी वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. बँकेने कळवले की व्यवहार मी स्वतःच मंजूर केला आहे. जाहिरातीच्या संकेतस्थळाने कळवले की ते फक्त दोन माणसांची गाठ घालून देतात. ट्रान्सपोर्टवाल्याने माझी सही दाखवली. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर मी फोन केला तो ११ नोव्हेंबरला, म्हणजे पैसे जाऊन जवळजवळ महिना झाल्यावर. त्या क्रमांकाचा उपयोग पैसे पुढे सरकण्याआधी असतो, तेव्हा संशय आला त्याच तासाला फोन करा, माझ्यासारखे विक्रेत्याला समजावत बसू नका.

आता त्या कुत्र्याच्या फोटोची नवी जाहिरात छापून मी चौथ्यांदा गेलो. जाहिरात अर्जाला टाचण्यात आली. मोडलेला बोर्ड मुद्देमाल ठरू शकतो, तेव्हा तो दुरुस्तीला देऊ नये, टाकू नये आणि जागेवरून हलवू नये, असे मला तोंडी सांगण्यात आले आहे. बाल्कनी दहा फुटांची आहे. सध्या कपडे आम्ही आतल्या खोलीत वाळत घालतो.