दहावीनंतरच्या सुट्टीतले पहिले काम: एक प्लेसमेंट कार्यालय आणि एक वह्या-पुस्तकांचे दुकान

दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात मुलीने घरात जाहीर केले की या सुट्टीत तिला क्लास नको, शिबिर नको, काम हवे आहे. कशासाठी, हे तिने सांगितले नाही. "माझे पैसे मला लागणार आहेत" एवढेच उत्तर मिळाले आणि तिची आई व मी दोघांनीही त्यापुढे विचारले नाही. तिला नुकतेच सोळावे पूर्ण झाले होते. पुढचे दीड-दोन महिने नाशिकमध्ये तिच्यासाठी अर्धवेळ काम शोधताना जी दोन ठिकाणे जवळून पाहता आली, त्यांचा हा अभिप्राय आहे. दोन्हींची नावे मी लिहीत नाही: पहिल्याचे, कारण मला वाद वाढवायचा नाही, दुसऱ्याचे, कारण दुकानाच्या मालकांनीच "नाव नको, नाहीतर उद्या दारात रांग लागेल" असे हसत सांगितले.

पहिले ठिकाण गंगापूर रोडवरील एका व्यापारी संकुलातले प्लेसमेंट कार्यालय. विद्यार्थ्यांसाठी रोज चार तासांचे काम, अनुभवाची अट नाही, अशी त्यांची जाहिरात होती. आत वातानुकूलन होते, पाणी विचारले गेले, समोरच्या बाई बोलायला अत्यंत गोड होत्या आणि पाच मिनिटांत अर्ज पुढे आला. त्याच्याबरोबर १,५०० रुपयांच्या नोंदणी शुल्काची मागणीही आली. काम नेमके कोणते, हे मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा "सर, ओपनिंग भरपूर आहेत" हेच उत्तर मिळाले. एकदा तर त्यात "आणि पुढे कुंभमेळा आहेच की" अशी भर पडली. सिंहस्थाचे मुख्य पर्व २०२७ मध्ये आहे आणि आमच्या मुलीला काम हवे होते ते मे महिन्यात.

माझ्या मनातून हे कार्यालय उतरले ते मात्र पुढच्या क्षणी. अर्जातील वयाच्या रकान्यात मुलीने इंग्रजी आकड्यात सोळा लिहिले होते. बाईंनी कागद हळूच स्वतःकडे ओढला, पेनाचे टोपण काढले आणि सहाच्या वरच्या टोकाला एक वळण देऊन त्याचा आठ केला. इंग्रजी सहाचा आठ व्हायला फार शाई लागत नाही. "कंपनीला अठरा लागतं सर, पण तसं कोणी बघत नाही," असे त्या म्हणाल्या आणि कागद परत मुलीपुढे सहीसाठी सरकवला. मुलीने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली आणि तिने सही केली नाही.

तरीही आलोच आहोत तर ऐकून घ्यावे म्हणून मी कामांची यादी मागितली. एक काम मॉलमधील कपड्यांच्या काउंटरवर दुपारी एक ते रात्री नऊ उभे राहण्याचे होते; जाहिरातीतल्या चार तासांचे येथे आठ कसे झाले, याचा खुलासा झाला नाही. दुसरे घरबसल्या टंकलेखनाचे, पण त्यासाठी आधी २,००० रुपये अनामत भरायची आणि चुका ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाल्या तर ती परत मिळणार नाही. तिसरे दुचाकीवरून घरपोच सामान पोहोचवण्याचे. याशिवाय शाळा सोडल्याचा मूळ दाखला कार्यालयात ठेवावा लागेल आणि सहा महिन्यांच्या आत काम सोडल्यास दंड भरण्याचे हमीपत्र लिहून द्यावे लागेल, असेही सांगण्यात आले. अकरावीच्या प्रवेशाच्या तोंडावर मूळ दाखला कोणाच्या कपाटात ठेवायचा, हा विचारच मला सहन झाला नाही. आम्ही उठलो.

त्या संध्याकाळी कामगार कायद्याची वकिली करणाऱ्या एका स्नेह्यांना दूरध्वनी केला. वास्तविक हा दूरध्वनी मी आधी करायला हवा होता. त्यांनी जे सांगितले ते सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या प्रत्येक पालकाला ठाऊक असावे असे मला वाटते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून चौदा वर्षांखालील मुलांना, शाळेच्या वेळेनंतर घरच्या व्यवसायात हातभार लावण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, कोणत्याही कामावर ठेवता येत नाही, आणि चौदा ते अठरा या वयातील मुलांना किशोरवयीन म्हणून धोकादायक नसलेली कामे करता येतात. म्हणजे खाणी, स्फोटके, फटाक्यांच्या विक्रीसारखी ज्वालाग्राही पदार्थांची कामे वर्ज्य. दुकानातले काम चालते. मात्र तेथेही सलग तीन तासांनंतर किमान एक तासाची विश्रांती द्यावी लागते, विश्रांती धरून दिवसाचा एकूण अवधी सहा तासांच्या पुढे जाता कामा नये, संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठपूर्वी काम देता येत नाही, जादा वेळ थांबवता येत नाही आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावीच लागते. मॉलचे काम यातल्या निम्म्याहून अधिक अटी एकाच दिवसात मोडत होते.

दुचाकीच्या कामाबद्दल तर ते चिडलेच. सोळा ते अठरा या वयात ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी चालवण्यापुरताच परवाना मिळू शकतो, आणि अशी वाहने आता रस्त्यावर दिसतात किती? अल्पवयीन मुलाने नियम मोडून वाहन चालवले, तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हमीपत्राबद्दल ते एवढेच म्हणाले की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक असतो. म्हणूनच अशी कार्यालये पालकाचीही सही घेतात, तेव्हा आपली लेखणी खिशात ठेवावी.

ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिकता शिकता कमावण्याचा धडा घालून दिला, तेथे या वयाच्या मुलांसाठी वाटा फार थोड्या आहेत, हे या निमित्ताने लक्षात आले. पुणे विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना महाविद्यालयात पोहोचलेल्यांसाठी आहे. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना अठरा ते पस्तीस या वयोगटासाठी आहे. शिकाऊ उमेदवारी चौदाव्या वर्षापासून घेता येते, परंतु ती सुट्टीपुरती घेऊन सोडून देण्याची गोष्ट नव्हे. त्यामुळे दहावी झालेल्या मुलीला दोन महिने काम हवे असेल, तर शेवटी ओळख आणि पायपीट यांवरच भिस्त ठेवावी लागते.

पायपीट मुलीनेच केली. सिटीलिंकच्या बसने शालिमारला उतरून ती मेनरोडने चालत निघाली आणि मी, तिच्या अटीप्रमाणे, पन्नास पावले मागे. सहा दुकानांनी नकार दिला, त्यांतल्या दोघांनी तिच्याशी न बोलता मागे पाहून मलाच उत्तर दिले. सातवे रविवार कारंज्याच्या अलीकडचे वह्या-पुस्तकांचे जुने दुकान. मालक साठीच्या पुढचे, गल्ल्यावर बसलेले. त्यांनी नावाच्याही आधी जन्मतारीख विचारली, आधार कार्ड पाहिले, मग रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट करून "ते वडील का? बोलव त्यांना" असे म्हणाले. दहा मिनिटांत सर्व ठरले: सकाळी साडेदहा ते दुपारी साडेचार, मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी, रविवार बंद, रोजचे ३०० रुपये, दर शनिवारी हिशेब. वेळ अशी का, हे मी विचारले नव्हते. त्यांनी होऊन सांगितले. "सातनंतर खरी गर्दी असते साहेब, पण हिला मी तेव्हा ठेवू शकत नाही." त्यांनी तिचे नाव आणि जन्मतारीख एका हजेरीवहीत लिहिली आणि मला नोंद वाचायला दिली.

मे-जून हा या धंद्याचा हंगाम असतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि त्याआधीच्या पाच-सहा आठवड्यांत पालक शाळेच्या याद्या घेऊन येतात. पहिले चार दिवस मुलीला गिऱ्हाइकापुढे उभेच केले नाही. तिने फक्त माल ओळखायचा होता: एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटीची, शंभर पानी, दोनशे पानी, लाँगबुक वेगळे, प्रयोगवही वेगळी, डझन बारा आणि ग्रोस बारा डझन. रात्री जेवताना ती आईला विचारत असे, "सांग बरं, पहिलीला चाररेघी कशाला लागते?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगत असे की इंग्रजी अक्षरांसाठी. दहा वर्षे शाळेत वह्या वापरलेल्या मुलीने वही पहिल्यांदा पाहिली ती या दुकानात.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या हातून चूक झाली. सिन्नरहून आलेल्या एका बाईंना तीन मुलांच्या याद्यांप्रमाणे माल बांधून देताना तिने दोन डझन दुरेघी वह्यांच्या जागी एकरेघी दिल्या. बाई दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन परत आल्या, येण्या-जाण्याचा खर्च कोण देणार म्हणून बरेच बोलल्या, आणि मुलीचे डोळे भरले. मालकांनी स्वतः उठून वह्या बदलून दिल्या, बसभाड्यापोटी सहा पेन्सिली आणि दोन खोडरबर गठ्ठ्यात घातले आणि बाई गेल्यावर मुलीला एकच गोष्ट सांगितली: यापुढे यादी गिऱ्हाइकासमोर मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक ओळीला बोट लावायचे. पगारातून काही कापले नाही. आमच्या घरी ती आता किराण्याची यादीही बोट लावून मोठ्याने वाचते.

दुकानाचे सगळेच चांगले आहे असे मात्र नाही. तेथे स्वच्छतागृह नाही. शेजारच्या इमारतीत एका ओळखीच्या कुटुंबाकडे जावे लागते आणि रोज कोणाचे दार वाजवायचे या संकोचाने मुलगी पाणी कमी पिऊ लागली, हे आमच्या उशिरा लक्षात आले. मेच्या उन्हात हे अजिबात हलके घेण्यासारखे नाही. माळ्यावर चढण्याची शिडी लाकडी आणि डुगडुगती आहे. मी तक्रार केल्यावर तिला माळ्यावर पाठवणे बंद झाले, पण शिडी बदलली नाही, म्हणजे दुसरे कोणीतरी चढतच असणार. शिवाय एका शनिवारी हिशेब सोमवारवर गेला.

पैसे पाकिटात मिळत आणि वहीत सही घेतली जाई. दहा वर्षांवरील मुलांना बँकेत स्वतः चालवता येईल असे बचत खाते उघडता येते. तिचे ते आधीपासून होते, त्यामुळे दर सोमवारी कामावर जाण्यापूर्वी बँकेत जाऊन स्वतः स्लिप भरण्याचा रिवाज पडला. निकालाचा दिवस आणि प्रवेशाच्या अर्जाचा दिवस असे दोन खाडे वजा जाता चौतीस दिवसांचे १०,२०० रुपये झाले. त्यांतले ४०० तिने पहिल्याच आठवड्यात आजीच्या चष्म्याच्या नव्या काड्यांसाठी खर्च केले. उरलेल्यांचे काय करणार, हे अजून आम्हाला कळलेले नाही.

गुण द्यायचेच तर दुकानाला पाचपैकी चार. एक गुण स्वच्छतागृह आणि शिडीपायी गेला. दिवाळीपूर्वी दोन्हींची सोय झाली, तर मालकांनी सहामाही सुट्टीसाठी दिलेले निमंत्रण ती स्वीकारील. कार्यालयाला पाचपैकी एक, तोही थंड पाण्याबद्दल. तेथे आम्ही सही केली नव्हती, पैसे भरले नव्हते, फक्त माझा भ्रमणध्वनी क्रमांक वहीत लिहिला होता. काल दुपारी त्यावर संदेश आला की आपल्या पाल्याची निवड झाली आहे, अभिनंदन, पुढील प्रक्रियेसाठी आजच ५०० रुपये भरावेत.