माळ्यावरचे स्पीकर दुरुस्त करावेत की नवी जोडी घ्यावी?

रामबागेतली, राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमधली जुनी घरं सोडून इंदूरची बरीच मराठी मंडळी फ्लॅटमध्ये जातायत. आवराआवरीत माळ्यावरून दोन लाकडी डबे खाली येतात. पुढे करडी किंवा काळी जाळी, कोपऱ्यात सोनोडाइन, कॉस्मिक नाहीतर फिलिप्सची पट्टी. कित्येकांवर पट्टीही नसते, कारण ते ओळखीच्या सुताराकडून बनवून घेतलेले असतात. वडील म्हणतात, "असा आवाज आता कुठे मिळतो?" मुलगा म्हणतो, "बाबा, नवीन हॉलमध्ये ठेवणार कुठे?" दोघांचंही बरोबर असतं, आणि डबे तोवर पॅसेजमध्ये पडून राहतात.

पर्याय चार आहेत: हेच डबे दुरुस्त करणं, तशीच जुनी जोडी कुणाकडून तरी विकत घेणं, नवी छोटी जोडी घेणं, किंवा ब्लूटूथ स्पीकर नाहीतर टीव्हीखालच्या साउंडबारवर भागवणं. माझं मत आधीच सांगतो. निर्णय जाळीवरच्या नावावरून करू नये. वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) काठ कसा आहे, घरात काय ऐकलं जातं आणि डबे कुठे ठेवणार, या तीन गोष्टींवरून करावा. कारण आपल्याला जो आवाज आठवतो, त्यातला बराचसा त्या डब्यांचा नव्हताच.

एक तर खोली. जुन्या घरात वर लाकडी तुळया, खाली सतरंजी, कडेला गाद्यांची चळत, भिंतीशी कपड्यांनी भरलेलं कपाट. हे सगळं आवाज शोषून घेई. नव्या हॉलमध्ये खाली गुळगुळीत टाइल्स, समोर काचेचं सरकतं दार, वर पीओपी. तीच जोडी इथे वाजवली तर आवाज कर्कश आणि घुमणारा वाटतो, आणि माणूस निष्कर्ष काढतो की स्पीकर 'उतरले'. दुसरी गोष्ट म्हणजे अँप्लिफायरवरचं 'लाउडनेस'चं बटण. आवाज लहान केला की आपल्या कानाला खालचे सूर सगळ्यात आधी कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्ये मोजून दाखवलं होतं. ते बटण लहान आवाजात खर्ज वाढवून द्यायचं. रात्री बारीक आवाजात विविध भारती ऐकताना जो भरलेपणा जाणवायचा, त्यात या बटणाचा वाटा मोठा होता. बहुतेक घरांत ते एकदा दाबलं गेलं ते कायमचंच. आजच्या अनेक स्वस्त अँप्लिफायरवर ते नसतं. तिसरं, डबे बहुधा खोलीच्या कोपऱ्यात असत, आणि कोपऱ्यात खर्ज आपोआप वाढतो.

एवढं लक्षात घेतलं की तुलना सोपी होते.

जुने डबे: आधी काठ बघा

जाळी काढा. वूफरच्या कोनाभोवती, म्हणजे पुढच्या शंकूसारख्या पडद्याभोवती, जो लवचीक काठ असतो, तो कशाचा आहे ते पाहा. फोमचा असेल तर बोट हलकेच लावा. काळी भुकटी किंवा चिकट थर बोटाला आला, तर फोम गेला. इंदुरी मिस्त्री म्हणतो तसं, "भिया, ये तो गल गया." फोम साधारण दहा ते वीस वर्षांत गळतोच, वाजवा किंवा नुसता ठेवा, आणि दमट जागी लवकर. रबराचा काठ त्याहून बराच जास्त टिकतो. घड्या घातलेला कापडी किंवा कागदी काठ तर चाळीस-पन्नास वर्षांनंतरही धडधाकट सापडतो. म्हणून गंमत अशी होते की आजोबांचे सत्तरच्या दशकातले डबे आजही वाजतात आणि काकांनी नव्वदच्या दशकात हौसेनं घेतलेले गप्प पडलेले असतात.

नुसता फोम गेला असेल तर ती वाईट बातमी नाही. कोन आणि कॉईल (त्यामागची तारेची गुंडाळी) तेच ठेवून फक्त काठ बदलता येतो, आणि स्पीकरचा मूळ स्वभाव बराचसा टिकतो. नव्या जोडीच्या मानानं खर्चही किरकोळ असतो. पण कॉईल जळाली असेल तर मिस्त्री 'रिकोन' करतो, म्हणजे कोन आणि कॉईल दोन्ही नवीन. तो कागद वेगळा, त्याचं वजन वेगळं, त्यामुळे आवाजही वेगळा. आठवणीसाठी दुरुस्त करत असाल तर रिकोन केलेला वूफर ही मूळ डब्यात बसवलेली परकी वस्तू आहे, हे मान्य करून पैसे द्या.

कॉईल तपासायला मिस्त्रीकडे जायची गरज नाही. दोन्ही हातांची बोटं कोनावर मध्याच्या दोन बाजूंना ठेवून तो सरळ, हळूच आत दाबा. खरखर ऐकू आली तर कॉईल घासते आहे. मल्टीमीटर असेल तर मागच्या दोन टोकांवर लावा. आठ ओहम लिहिलेला स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवतो, तो दोष नाही. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे.

आत एक छोटा बोर्ड असतो, तो खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्विटरकडे पाठवतो. त्यावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षांनुवर्षांत सुकतात आणि ट्विटर मंद होतो. गायकाचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटला तर आधी संशय यांच्यावर घ्यावा. तेवढ्याच मूल्याचे फिल्म कपॅसिटर बसवले की पुन्हा सुकण्याचा प्रश्न उरत नाही. 'मॅग्नेट उतरलं' असं मात्र कुणी सांगितलं तर घाई करू नका. त्या काळच्या बहुतेक घरगुती स्पीकरमधलं फेराइटचं मॅग्नेट इतक्या वर्षांत जाणवण्याइतकं उतरत नाही.

लाकूड तपासणं कंटाळवाणं आहे, पण इथे कंटाळा करू नये. प्लायवूड किंवा सागवान असेल तर उत्तम. भुशाच्या बोर्डाचा डबा माळव्यातल्या काही पावसाळ्यांत खालून फुगलेला असेल तर तो आता डबा राहिलेला नाही, त्याच्या फटींतून हवा सुटते आणि खर्ज जातो. वाळवी, उंदरांनी कुरतडलेलं कापड आणि पुढच्या गोल भोकातून आत शिरून तिथेच वाळलेली पाल, हे सगळं गृहीत धरून चला.

जुन्या डब्यांचा एक गुण नव्या छोट्या जोडीत मिळणं कठीण आहे. ते कमी वॉटमध्ये मोठे वाजतात. आठ-दहा इंची वूफरचे अनेक जुने डबे एका वॉटला नव्वद डेसिबलच्या आसपास देत. छोटी नवी जोडी चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी देते. दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट लागतात, म्हणजे सहा डेसिबलच्या फरकाला चौपट. म्हणूनच घरचा पंधरा वॉटचा अँप्लिफायर सगळ्या चाळीला पुरायचा. (नव्वदच्या दशकात खोक्यांवर छापलेले हजार-हजार वॉट 'पीएमपीओ' हे आकडे विसरून जा. ते मोजायला कुठलंही प्रमाण नव्हतं.)

तशीच दुसरी जोडी शोधणं

हा पर्याय मला फारसा पटत नाही. दुसऱ्याच्या माळ्यावरची जोडी तुमच्याच जोडीएवढी म्हातारी असते, फोम तिचाही गेलेला असतो, वर विकणाऱ्याच्या आठवणींची किंमतही तुम्हीच मोजता. घ्यायचीच झाली तर वाजवून, जाळी काढून आणि दोन्ही डब्यांतले वूफर सारखेच आहेत हे बघून घ्या. एकात मूळ आणि दुसऱ्यात भलताच वूफर असणं ही इथली नित्याची गोष्ट आहे. फोटोवरून व्यवहार करू नका.

नवी छोटी जोडी

दोन प्रकार मिळतात. एकात अँप्लिफायर आतच असतो, दुसऱ्याला वेगळा लागतो. पहिला सोयीचा: वीज जोडली, फोन किंवा टीव्ही लावला की सुरू. सुरुवातीची बरी जोडी दहा-पंधरा हजारांपासून पुढे मिळते. पण आतला एक इलेक्ट्रॉनिक भाग गेला की अख्खी जोडी अडते. वेगळा अँप्लिफायर असेल तर पुढे त्यावर जुने डबेही लावता येतात, म्हणून द्विधा मनःस्थितीतल्या माणसाला मी हाच रस्ता सुचवेन. आजचे छोटे क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारे) अँप्लिफायर डब्याच्या पाठीमागे लपतील एवढे असतात, फारसे गरम होत नाहीत आणि पाच-सहा हजारांच्या आत घरापुरते वॉट देतात.

स्पष्टपणात नवी जोडी बहुतेक जुन्यांना मागे टाकते, यात भावनेला जागा नाही. शब्द स्वच्छ येतात, डाव्या-उजव्या बाजूंमध्ये गायक नेमका मधोमध उभा राहतो. नाटकाचं रेकॉर्डिंग, कीर्तन, बातम्या यांसाठी हीच चांगली. कमी पडते ती खर्जात. याला कारण भौतिकशास्त्र आहे, कंपनीची कंजुषी नव्हे: लहान डबा, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात.

आमच्याकडे या चाचणीला उस्ताद अमीर खाँसाहेबांसारखं दुसरं काही नाही. इंदूर घराण्याचा हा गायक (1912–1974) चौदा मात्रांच्या झुमरा तालात इतक्या संथ लयीत गातो की दोन मात्रांच्या मधल्या शांततेत तानपुरा आणि बायाँ (तबल्याचा डावा) उघडे पडतात. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावलेल्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते. आठ इंची जुना वूफर ती खरोखर वाजवतो. चार इंची नवा तिच्यापाशी थकतो, पण वरचे स्वर आणि जवारी (तारांचा झणकार) अधिक सुंदर दाखवतो. कुठला आवाज 'खरा' हे मी ठरवणार नाही. ज्याला तबल्याची घुमार हवी त्यानं मोठा वूफर घ्यावा, ज्याला गळ्यातली बारीक हरकत हवी त्यानं नवी जोडी.

घ्यायच्या आधी मागे पाहा. हवेचं भोक पाठीमागे असलेली जोडी भिंतीला चिकटवली तर खर्ज गढूळ होतो, आणि फ्लॅटमध्ये सगळंच भिंतीला चिकटवायचं असतं. भोक पुढे असलेली किंवा पूर्ण बंद डब्याची जोडी तिथे बरी. टीव्हीच्या मागे आवाजाच्या तारांची जुनी गोल भोकं नसून फक्त ऑप्टिकल (डिजिटल) जोडणी असेल तर मध्ये एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नल साध्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी, लागेल. तबकड्या वाजवणार असाल तर फोनो प्री-अँप (तबकडीच्या सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) आहे की नाही तेही विचारा, नाहीतर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येईल.

ब्लूटूथ आणि साउंडबार

ब्लूटूथच्या छोट्या डब्याला नावं ठेवायची फॅशन आहे, मी ठेवणार नाही. 1950 च्या दशकातली चित्रपटगीतं, नाट्यपदं, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या हे सगळं मोनो आहे. ज्यात डावं-उजवं मुळातच नाही, ते एका डब्यातून ऐकल्यानं काहीही हरवत नाही. स्वयंपाकघरात सकाळच्या पोह्यांबरोबर लावायला, आजीच्या उशाशी भजनाला, याच्याइतकं सोयीचं काही नाही. साठीनंतर फार वरचे सूर कानाला तसेही कमी ऐकू येतात, तेव्हा आईसाठी महागडा ट्विटर घेण्यापेक्षा तिला स्वतः चालू-बंद करता येईल असा डबा घ्यावा.

मर्यादा मात्र ओळखून असा. 69 हर्ट्झ त्याच्याकडे नसतात. वरच्या सुरांवरून कान तो खर्ज मनातच जुळवून घेतो, म्हणून लगेच लक्षात येत नाही. आवाज वाढवला की आतलं सॉफ्टवेअर खर्ज दाबतं, आणि बायाँची मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) एक 'ठप्प' होऊन जाते. शिवाय आतली लिथियमची बॅटरी काही वर्षांत थकते आणि ती बदलता येईलच असं नाही. फोमसारखाच हाही काळाचा काठ, फक्त मिस्त्रीच्या हाताबाहेरचा.

साउंडबार हे टीव्हीचं अवजार आहे. मालिका, क्रिकेट, सिनेमा यांसाठी घ्या, टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत जोडा, म्हणजे एकाच रिमोटवर काम भागेल. ब्लूटूथनं जोडलात तर ओठ आधी हलतील आणि शब्द मागून येतील. पैसे वाचवायला म्हणून गाणं ऐकण्यासाठी साउंडबार घेणं मला मान्य नाही.

मग कुणी काय करावं

लोकमान्यनगरात किंवा सुदामानगरात स्वतःचं घर आहे, एक खोली अजून गाण्याची आहे, काठ कापडी आहे किंवा नुसता फोम गळलाय: जुने डबे दुरुस्त करा, दुसरा विचार नको. महाराणी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी सुरू करा. वूफर सोडवून न्या, अख्खा डबा नेऊ नका, आणि कुठली तार कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा. दोन बेडरूमचा फ्लॅट, शेजारी तान्हं बाळ, फोनवरून गाणी: नवी छोटी जोडी, खाली एक जाड सतरंजी. वूफर जळालेला आणि डबा फुगलेला, पण वडिलांचा जीव अडकलेला: डबा शोभेला ठेवा आणि ऐकायला नवी जोडी घ्या. दोन्हींवर पैसे अर्धे-अर्धे घातले की दोन्ही अर्धवट होतात. सुताराकडचे बिननावाचे डबे असतील आणि लाकूड ठणठणीत असेल, तर त्यात वूफर बदलून प्रयोग करायला सगळ्यात जास्त मोकळीक असते, कारण तिथे 'मूळ' असं काही जपायचंच नसतं.

जोडी कुठलीही असो, पहिल्या दिवशी लाल-काळ्या तारा तपासा. पेन्सिल सेल क्षणभर लाल-काळ्यावर टेकवा: धन टोक लालवर असताना दोन्ही वूफरचे कोन बाहेर यायला हवेत. एक बाहेर आणि एक आत गेला तर तारा उलट्या आहेत. अशा उलट्या तारांवर वर्षांनुवर्षं वाजलेल्या आणि 'यांच्यात खर्जच नाही' म्हणून बदनाम झालेल्या जोड्या कमी नाहीत.

आणि कॉलनीच्या गणपतीत आरतीला ही जोडी उसनी देऊ नका. छोटा अँप्लिफायर पूर्ण पिळला की आधी ट्विटर जळतो, आणि जुन्या मॉडेलचा ट्विटर मिळत नाही. मंडळाला अहूजाचे भोंगे भाड्यानं मिळतात, ते त्याच कामासाठी केलेले असतात.